लखोटा शाबूत, वाचणारा कोण?

व्हॉट्सॲपवर कुणाशीही पहिल्यांदा बोलायला गेलं की सगळ्यात वर एक पिवळट चौकट दिसते. संदेश आणि कॉल एन्क्रिप्टेड आहेत, तुम्हा दोघांखेरीज ते कुणाला, अगदी व्हॉट्सॲपलाही, वाचता-ऐकता येत नाहीत, अशा अर्थाचं वाक्य तिथं असतं. बहुतेकजण ते न वाचताच पुढं जातात. जे वाचतात त्यांतले बरेच म्हणतात, कंपनीवाले असं म्हणणारच. या पुस्तिकेची सुरुवात मी त्या वाक्यापासून करते, कारण ते वाक्य खरं आहे. पुसदमध्ये संगणक शिकवताना मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा, ‘मॅडम, आपले मेसेज कोणी वाचते का?’ त्याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर आधी हे खरं वाक्य नीट समजून घ्यायला हवं, आणि मग ते कुठं संपतं हेही.

ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक या दोघांनी २०१३ मध्ये संदेश गुप्त ठेवण्याची एक पद्धत घडवली. ती पुढं सिग्नल प्रोटोकॉल म्हणून ओळखली जाऊ लागली. सिग्नल हे ॲप तर तिच्यावर चालतंच, पण ५ एप्रिल २०१६ रोजी व्हॉट्सॲपनंही आपल्या सगळ्या वापरकर्त्यांसाठी ती लागू केल्याचं जाहीर केलं. तुमचा फोन स्वतःच किल्ल्यांची जोडी तयार करतो. एक किल्ली जगाला दाखवायची, दुसरी फोनाबाहेर कधीच जाऊ द्यायची नाही. दोन फोन आपापल्या गुप्त किल्ल्या न दाखवता एकच सामाईक रहस्य तयार करतात, आणि त्यातून प्रत्येक संदेशाला नवी किल्ली निघते. वापरून झालेली किल्ली टाकून दिली जाते. त्यामुळं आज कुणाच्या हाती एखादी किल्ली लागली तरी तिनं कालचे संदेश उघडत नाहीत, आणि दोघांची थोडी आणखी देवाणघेवाण झाली की उद्याचेही तिला बंद होतात. गणित इतकं पक्कं आहे की ते फोडायच्या नादाला सहसा कुणी लागत नाही.

हे स्वतः पडताळूनही पाहता येतं. शेजारी बसलेल्या माणसाबरोबरचं चॅट उघडा, वरच्या नावावर बोट ठेवा, ‘एन्क्रिप्शन’वर जा. एक क्यूआर कोड दिसेल आणि त्याखाली पाच-पाचच्या बारा गटांत मांडलेले ६० अंक. दोन्ही फोनांवरचे अंक जुळले, तर मधे कुणी बसलेलं नाही. वर्गात मी हे करायला लावते तेव्हा एकजण अंक मोठ्यानं वाचतो, दुसरा आपल्या पडद्यावर बोट फिरवत जातो, आणि शेवटच्या गटापर्यंत सगळे गप्प असतात.

तरी दोन गोष्टी व्हॉट्सॲपच्या त्या वाक्यात बसत नाहीत. तुम्ही कुणाशी, केव्हा, किती वेळा बोललात हे व्हॉट्सॲपच्या सर्व्हरला कळतं. मजकूर झाकलेला असतो, संबंध नाही. दुसरी गोष्ट बॅकअपची. गूगल ड्राइव्हवर जाणारी चॅटची प्रत बरीच वर्षं अशा एन्क्रिप्शनविना पडून असायची. २०२१ च्या अखेरीस तिला स्वतंत्र पासवर्ड किंवा ६४ अंकी-अक्षरी किल्ली लावायची सोय आली, पण ती आपण स्वतः सुरू करावी लागते. टेलिग्राम वापरणाऱ्यांनी तर हेही लक्षात ठेवावं की तिथलं साधं चॅट आणि ग्रुप अशा प्रकारे बंद नसतातच, फक्त ‘सिक्रेट चॅट’ असतं.

आता मूळ मुद्दा. पूर्वी तांड्यावर किंवा खेड्यात पत्र यायचं ते चिकटवलेल्या लखोट्यात. वाटेत त्याला कुणी हात लावलेला नसायचा. पण ज्याच्या नावानं पत्र आलं त्याला वाचता येत नसे, म्हणून ते मास्तर नाहीतर पोस्टमन वाचून दाखवायचा आणि घरातली गोष्ट चार घरी कळायची. मोबाईलमध्ये हा वाचून दाखवणारा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. संदेश उलगडतो तो तिच्याच स्मृतीत, पडद्यावर अक्षरं ती काढते, कीबोर्डवरची बोटं तीच मोजते, मायक्रोफोन तिच्या ताब्यात असतो. एन्क्रिप्शन दोन फोनांच्या मधल्या वाटेवर राखण करतं. फोनाच्या आत काय चालतं ते त्याच्या हाती नाही. म्हणून ‘माझे मेसेज कोण वाचतं’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर ‘माझ्या फोनात कुठली सिस्टिम आहे, ती कुणी घातली’ यात असतं. ही पुस्तिका त्या अर्ध्या उत्तराविषयी आहे.

सिस्टिम बदललेले फोन हा शहरातल्या हौशी पोरांचा विषय वाटत असेल, तर पुसद, दिग्रस, उमरखेडच्या कुठल्याही मोबाईल दुकानात तासभर थांबून पाहावं. ऊसतोडीला निघालेला माणूस तीन-चार हात फिरलेला फोन घेऊन येतो. फोन हँग होतो, जागा भरली आहे, नवं ॲप चढत नाही, कंपनीनं अपडेट कधीच थांबवलेलं. दुकानदार सांगतो, ‘रॉम मारून देतो ना भाऊ, फोन नवा होते.’ म्हणजे जुनी सिस्टिम काढून तिच्या जागी दुसरी, बदललेली सिस्टिम घालतो. गिऱ्हाईक एवढंच विचारतं, ‘फोनपे चालते का?’ ‘चालते ना.’ मग पॅटर्न लॉक विचारलं जातं. फोनाच्या पाठीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नऊ टिंबं काढली जातात आणि त्यांतून एक रेघ. खाली नाव, मोबाईल नंबर, बऱ्याचदा जीमेलचा पासवर्डसुद्धा. संध्याकाळपर्यंत ती चिठ्ठी काउंटरवर उघडी पडलेली असते. रॉम कुठला, कुठून उतरवला, याची चौकशी कुणी करत नाही.

दुकानदाराचा यात दोष आहे असं मला वाटत नाही. तो गरिबाचा फोन आणखी दोन वर्षं चालवून देतो आणि ते मोलाचं काम आहे. बदललेली सिस्टिम म्हणजे वाईट, असंही नाही. अँड्रॉइडचा गाभा खुला असल्यामुळं त्यात बदल करायची परंपरा जुनी आहे. २००९ मध्ये सुरू झालेलं सायनोजेनमॉड २०१६ च्या अखेरीस बंद पडलं आणि त्याच्या पाठोपाठ लिनिएजओएस उभं राहिलं. ते आजही स्वयंसेवक चालवतात. आपल्याकडे २०१५ मध्ये आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी इंडस ओएस काढलं. तेही अँड्रॉइडच बदलून केलेलं, पण हेतू वेगळा, मराठीसारख्या भाषांत फोन वापरता यावा हा. आणि खरं तर कंपन्या स्वतःच्या रंगाढंगाची जी सिस्टिम देतात, तीही मूळ अँड्रॉइडवर केलेला बदलच. फरक पडतो तो बदल कुणी केला, त्यावर सही कुणाची आहे आणि ती सही तपासली जाते का, यानं.

सही तपासण्याचं काम फोन सुरू होतानाच होतं. बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम सगळ्यात आधी जागा होतो. पुढं चढणाऱ्या सिस्टिमवर खात्रीच्या किल्लीनं सही केलेली आहे का, हे तो पाहतो आणि मगच तिला चालू देतो. गूगल या स्थितींना रंगांनी ओळखतं. हिरवा म्हणजे कंपनीची सिस्टिम, कंपनीची सही, बूटलोडर बंद. पिवळा म्हणजे सिस्टिम दुसऱ्या कुणाची, पण तिची किल्ली फोनात नोंदवून बूटलोडर पुन्हा बंद केलेला. नारिंगी म्हणजे बूटलोडर उघडा, सही कुणाचीही असली नसली तरी चालते. लाल म्हणजे सिस्टिम बिघडलेली किंवा कुणी छेडलेली. हिरव्या फोनात काही दिसत नाही. नारिंगी फोन सुरू होताना इशारा देतो, शाओमीच्या फोनांत वर उघड्या कुलपाचं बारीक चित्र येतं. आपल्या भागात रॉम मारलेले जे फोन मी पाहिले ते नारिंगीच होते, आणि तो इशारा म्हणजे ‘रॉमवाल्या फोनला असंच येते’ एवढीच त्याची ओळख लोकांना करून दिलेली होती.

उघड्या बूटलोडरमुळं काय होतं? असा फोन थोडा वेळ कुणाच्या हाती लागला, तर त्याला तुमचा पिन माहीत असायची गरज उरत नाही. तो सिस्टिमचा एखादा भाग बदलून ठेवतो, फोन परत देतो, आणि तुम्ही पुढच्या वेळी पिन टाकलात की काम फत्ते. त्यात फोन ‘रूट’ केलेला असेल, म्हणजे सर्वोच्च अधिकार खुले केलेले असतील, तर धोका आणखी वाढतो. एरवी एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. रूट असेल तर येतं. व्हॉट्सॲप आपले संदेश फोनात स्वतःच्या खासगी कप्प्यात ठेवतं, एका साध्या डेटाबेस फाइलमध्ये, आणि ती फाइल एन्क्रिप्टेड नसते. बाहेरच्या बॅकअपची किल्लीही जवळच असते. रूट अधिकार मिळालेलं कुठलंही ॲप ती फाइल उचलू शकतं. सिग्नल आपला डेटाबेस वेगळा एन्क्रिप्ट करून त्याची किल्ली अँड्रॉइडच्या संरक्षित भागात गुंडाळून ठेवतं, ते बरं. पण सिस्टिमच शत्रूची असेल तर पडदा वाचण्यापासून तिला सिग्नलही अडवू शकत नाही.

आणि सह्यांचं काय? अँड्रॉइडच्या खुल्या गाभ्यासोबत चाचणीसाठीच्या किल्ल्या येतात. त्या गुप्त नाहीत, जगात कुणालाही उतरवता येतात. घाईघाईनं बनवलेले कितीतरी अनधिकृत रॉम याच चाचणीच्या किल्ल्यांनी सही केलेले असतात. अशा फोनात कुणीही त्याच किल्लीनं सही केलेलं ॲप घुसवलं, तर सिस्टिम त्याला घरचाच माणूस समजून जास्तीचे अधिकार देते. काही रॉममध्ये ॲपांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी एसईलिनक्स ही यंत्रणाही नुसती नावाला ठेवलेली असते, म्हणजे चूक दिसली तर नोंद करते, अडवत नाही. रॉम बनवणाऱ्या पोराचा हेतू वाईट असतो असं नाही. कॅमेरा चालेना, म्हणून त्यानं हे बंद केलेलं असतं.

‘फोनपे चालते ना’ या उत्तरामागंही एक गोष्ट दडलेली आहे. बँकेची आणि यूपीआयची बरीच ॲप गूगलमार्फत फोनची तपासणी करतात. बूटलोडर उघडा दिसला तर चालायचं नाकारतात. मग दुकानात फोन रूट करून एक मॉड्यूल घातलं जातं, जे त्या तपासणीला खोटं उत्तर देतं. थोडक्यात, पैशाचं ॲप चालावं म्हणून पैशाच्या सुरक्षेचा आधारच काढून टाकला जातो. मला या पुस्तिकेतली सगळ्यात महत्त्वाची बाब हीच वाटते, कारण इथं नुकसान थेट रोजीच्या पैशाचं आहे.

ॲपच बदललेलं असेल तर सिस्टिम कितीही चांगली असून उपयोग नाही. जीबी व्हॉट्सॲप आपल्याकडे कॉलेजातल्या पोरांपासून पुढाऱ्यांच्या कार्यकर्त्यांपर्यंत चालतं. निळी टिक लपवता येते, समोरच्यानं पुसलेला मेसेज वाचता येतो. पण मेसेज उलगडल्यावर तो कुठं पाठवायचा हे ते ॲप बनवणारा ठरवतो आणि तो कोण, हे कुणाला माहीत नाही. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला ऑगस्ट २०२१ मध्ये अशाच एफएमव्हॉट्सॲपच्या एका आवृत्तीत आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये योव्हॉट्सॲपमध्ये ट्रायाडा हा घातक प्रोग्रॅम सापडला. योव्हॉट्सॲप तर खात्याच्या किल्ल्याच पळवत होतं. माझं मत इथं स्पष्ट आहे, अशी ॲप आजच काढून टाकावीत.

सिस्टिमच्या बाबतीत मात्र मी असा सरसकट निकाल देणार नाही. कंपनीनं चार वर्षांपूर्वी सोडून दिलेला फोन हिरवा असला तरी त्यात चार वर्षांतली सगळी भोकं उघडी असतात. त्याच फोनावर अधिकृत लिनिएजओएस घातलं, रूट न करता, तर अँड्रॉइडच्या सुरक्षा दुरुस्त्या येत राहतात. चिपच्या आतलं कंपनीचं सॉफ्टवेअर जुनंच राहतं आणि बहुतेक फोनांत बूटलोडर पुन्हा बंद करता येत नाही, ही त्यातली उणीव. फोन कुणाच्या हाती पडण्याची भीती जास्त की दुरून होणाऱ्या हल्ल्याची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ग्राफीनओएस ही तर कंपनीच्या सिस्टिमपेक्षाही कडक बदललेली सिस्टिम. तिथं बूटलोडर परत बंद होतो, बराच वेळ न वापरलेला फोन आपोआप रीस्टार्ट होतो आणि पिन टाकेपर्यंत आतला डेटा कुलूपबंद राहतो. पण ही पुस्तिका लिहीपर्यंत ती गूगलच्या पिक्सल फोनांसाठीच मिळते, आणि सोयाबीनच्या पैशातून पिक्सल घेणारे इथं थोडे.

कुणी म्हणेल, आपल्यासारख्यांच्या मागं कोण लागणार? २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधल्या एका चुकीतून पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १,४०० फोनांवर सोडण्यात आलं. कॉल उचलायचीही गरज नव्हती. ज्यांना तुमच्या फोनावर पाळत होती असं कळवण्यात आलं, त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते, आणि लेखक आनंद तेलतुंबडे होते, ज्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातल्या राजूरचा. एन्क्रिप्शन कुणीही फोडलं नव्हतं, फोन फोडले होते. व्हॉट्सॲपनं पेगासस बनवणाऱ्या एनएसओ कंपनीवर अमेरिकेत खटला भरला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयानं एनएसओला जबाबदार ठरवलं.

सामान्य माणसावर येणारी वेळ वेगळी असते. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. पत्रिकेसारखी दिसणारी ती फाइल एपीके, म्हणजे ॲप होती. ती उघडली आणि खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. पीएम किसानच्या, आरटीओच्या चलानाच्या नावानंही अशाच फाइली फिरतात. घराघरांतली हेरगिरी तर याहून साधी आहे. कुणीतरी तुमचा फोन दोन मिनिटं घेतो, ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून आपला संगणक जोडतो, आणि त्यानंतरचा प्रत्येक मेसेज त्याला दिसतो. माझ्या वर्गातल्या बायकांना मी सगळ्यात आधी हीच यादी उघडायला लावते.

कायद्याच्या प्रश्नावर बोलल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. १ जुलै म्हणजे आपल्याकडे कृषिदिन, गहुलीत जन्मलेल्या वसंतराव नाईकांची जयंती. २०१८ च्या त्याच तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. त्यांतले बहुतेकजण सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. भटक्या-विमुक्तांची वस्ती मोठ्या संख्येनं असलेल्या आपल्या भागात ती बातमी वाचताना अनेकांच्या पोटात गोळा आला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटना पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सरकारची मागणी पुढं गेली. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांत अशी अट आली की आदेश मिळाल्यास एखादा संदेश पहिल्यांदा कुणी पाठवला हे मोठ्या कंपन्यांनी सांगावं. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

राईनपाड्यातल्या माणसांना न्याय हवा, यात दुमत नाही. पण ही अट त्यांच्यासारख्यांना वाचवेल असं मला वाटत नाही. पहिला कोण हे सांगायचं तर प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर खूण ठेवावी लागेल, संशय असो नसो. आणि ज्याला खरोखर आग लावायची आहे, तो ती खूण काढून टाकणारं बदललेलं ॲप वापरेल, किंवा दुसऱ्याच्या नावची खूण लावेल. आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. कामकोटी यांनी २०१९ मध्ये अशी खूण ठेवायची एक योजना मांडली तेव्हा आयआयटी मुंबईचे प्रा. मनोज प्रभाकरन यांनी तिच्यातल्या उणिवा दाखवून दिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. तो तांड्यावरच्या माणसालाही तितकाच लागू आहे जितका दिल्लीतल्या वकिलाला.

पुढच्या प्रकरणांत फोन विकत घेताना काय पाहावं, बूटलोडरची आणि रूटची स्थिती कशी ओळखावी, बॅकअपला किल्ली कशी लावावी, दुरुस्तीला फोन देताना आधी काय करावं, हे क्रमानं आणि चित्रांसह दिलं आहे. वाचायला बसण्याआधी एक करा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून सुरक्षा अपडेटची तारीख पाहा, आणि व्हॉट्सॲपमधली जोडलेल्या उपकरणांची यादी पाहा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० वर फोन लावा.

मोबाईल दुकानदार बंधूंना माझी एक विनंती आहे. रॉम मारून द्याल तेव्हा गिऱ्हाईकाला बिलाच्या मागं पाच ओळी लिहून द्या: रॉमचं नाव, कुठून उतरवला, सुरक्षा अपडेटची तारीख, बूटलोडर उघडा की बंद, आणि रूट केला आहे की नाही. आणि पॅटर्न काढलेली ती चिठ्ठी काम झालं की त्याच्या समोर फाडून टाका.